अंश एकाचा, छेद दुसऱ्याचा: माओरींच्या मृत्युदराचं प्रकरण

१९९५-९६च्या सुमारास न्यूझीलंडच्या आरोग्य आकडेवारीत माओरींचा मृत्युदर एकाएकी वर उसळला. देशात साथ आलेली नव्हती, दुष्काळ नव्हता. बाकीच्या लोकसंख्येचा मृत्युदर नेहमीच्या चालीने खाली येत होता. मग माओरींनाच काय झालं?

काहीच झालं नव्हतं. माओरी आधीही तेवढेच मरत होते. १ सप्टेंबर १९९५ रोजी जन्म-मृत्यू नोंदणीचा नवा कायदा लागू झाला आणि मृत्यूच्या अर्जावरचा एक प्रश्न बदलला, एवढंच. त्या बदलाने आधीच्या निदान पंधरा वर्षांची आकडेवारी संशयात सापडली. आरोग्य संख्याशास्त्रात मूलनिवासींना न्याय्य स्थान देणं म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं, हे समजून घ्यायला मला या प्रकरणाइतकं चांगलं उदाहरण ठाऊक नाही. यात कुणी कागद दडवले नाहीत, कुणी खोटे आकडे लिहिले नाहीत. प्रत्येक मृत्यूची नोंद झाली होती. चूक झाली ती माणूस कोणत्या रकान्यात टाकायचा यात.

माओरी हे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी. १८४०मध्ये ब्रिटिश राजसत्तेने त्यांच्या प्रमुखांशी वैतांगीचा करार केला. त्या कराराचा अर्थ काय, यावरून आजही तिथलं राजकारण तापतं. १९९१च्या जनगणनेत ते लोकसंख्येच्या साधारण १३ टक्के होते, २०२३मध्ये १७.८ टक्के. म्हणजे नगण्य म्हणावेत असे ते कधीच नव्हते. पण जे काही ‘सरासरी न्यूझीलंडर’ म्हणून छापलं जाई, त्यात ते विरघळून जावेत इतके थोडे मात्र होते.

रक्ताचे अपूर्णांक

जुना अर्ज काय विचारत होता? मृताच्या आईत माओरी रक्त किती आणि वडिलांत किती. त्यावरून हिशेब मांडायचा आणि मृत व्यक्तीत निम्मं किंवा त्याहून अधिक माओरी रक्त निघालं, तरच तिची नोंद माओरी म्हणून करायची.

एक काल्पनिक बाई घेऊ. तिच्या आईच्या चार आजी-आजोबांपैकी तिघं माओरी, एक युरोपीय. म्हणून आई तीन चतुर्थांश. वडील स्कॉटिश वंशाचे, म्हणजे शून्य. बाईच्या वाट्याला आले तीन अष्टमांश. ही बाई मराएवर, म्हणजे जमातीच्या सामाईक अंगणात आणि सभागृहात, लहानाची मोठी झाली. जनगणनेचा कागद दारात आला तेव्हा तिने स्वतःच्या हाताने ‘माओरी’वर खूण केली. अठ्ठावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेली. तीन अष्टमांश हे निम्म्याहून कमी, सबब सरकारदरबारी ती माओरी नसताना मेली. जगताना माओरी, मेल्यावर बिगरमाओरी.

हा हिशेबसुद्धा नीट व्हायचाच असं नाही. न्यूझीलंडमध्ये मृत्यूचा अर्ज बहुतेक वेळा अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा व्यावसायिक भरतो. दुःखात बुडालेल्या घरात बसून ‘तुमच्या आईत माओरी रक्त किती हो?’ असं विचारायचं धाडस किती जण करतील? अनेकदा प्रश्न विचारलाच जात नसे. चेहरा, रंग, आडनाव पाहून रकाना भरला जाई. नाहीतर कोरा राही. कोरा रकाना कुठे मोजला जायचा, हे सांगायला नको.

गंमत अशी की रक्ताची ही मोजणी देशाने इतरत्र सोडून दिली होती. १९७४च्या कायद्यात माओरी म्हणजे माओरी वंशाची व्यक्ती आणि तिचे कोणतेही वंशज, अशी व्याख्या आली, अपूर्णांक गेले. १९८६च्या जनगणनेतून निम्म्या-पाव रक्ताचा प्रश्न गेला आणि लागू असतील त्या सगळ्या चौकटींवर खूण करायची मुभा आली. १९९१मध्ये ‘तुम्ही कोणत्या वांशिक समूहाचे?’ असा सरळ प्रश्न आला, वंशाचा प्रश्न वेगळा ठेवला गेला. मृत्यूचा अर्ज तेवढा १९९५पर्यंत जुन्या जगात राहिला; मग तोही जनगणनेसारखा वांशिक समूह विचारू लागला. दोन खाती, दोन अर्ज, आणि ते एकमेकांशी जुळतात की नाही हे पाहणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं. सरकारी कचेरीत कधीही पाय ठेवलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

हिशेब कुठे बिघडतो

मृत्युदर म्हणजे एक भागाकार. वर अंश: त्या वर्षी मेलेले लोक. खाली छेद: त्या समूहाची लोकसंख्या. अंश येतो मृत्यूनोंदणीतून, छेद जनगणनेतून. दोन्हीकडे ‘माओरी’ची व्याख्या एक असेल, तर भागाकाराला अर्थ. इथे छेदात स्वतःला माओरी म्हणवणारे सगळे होते आणि अंशात फक्त रक्ताच्या परीक्षेत पास झालेले.

समजा, दहा हजार लोकवस्तीत खरे साठ मृत्यू झाले आणि त्यातले पंधरा दुसऱ्या रकान्यात गेले. हजारी सहा असलेला दर साडेचारवर येतो. ते पंधरा मृत्यू गेले कुठे? बहुसंख्याकांच्या खात्यात. पण बहुसंख्याक नव्वद हजार आहेत आणि त्यांचे साडेतीनशे मृत्यू आहेत असं धरलं, तर साडेतीनशेचे तीनशे पासष्ट होतात. हजारी दर ३.९चा जेमतेम ४.१ होतो. लहान समूहाचा दर एक चतुर्थांशाने खोटा ठरला आणि मोठ्याचा केसभर हलला. या चुकीचा स्वभावच असा की तिचा फटका एकाच बाजूला बसतो, आणि ज्याला बसत नाही त्याला ती दिसतही नाही. मोठ्या समूहाच्या तक्त्याकडे बघून ‘आमचे आकडे चोख आहेत’ असं म्हणणारा अधिकारी त्याच्यापुरता खरंच बोलत असतो.

माओरी संशोधकांना हे खटकत होतं. डॉक्टर आणि संशोधक एरु पोमारे यांनी १९८०मध्ये माओरींच्या आरोग्यमानावरचा पहिला मोठा अहवाल काढला होता. पुढे त्यांच्या नावाने वेलिंग्टनमध्ये चालू राहिलेल्या माओरी आरोग्य संशोधन केंद्रातल्या मंडळींनी अंश आणि छेद जुळत नसल्याची तक्रार लावून धरली. पण तक्रार एक आणि मोजमाप दुसरं. मृत्यू कमी मोजले जातात हे ठाऊक असलं तरी किती कमी, हे सांगता येत नव्हतं. आकडा हातात नसला की धोरण ठरवणारे मान डोलावतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात.

दोन कागद समोरासमोर

आकडा आला ओटागो विद्यापीठाच्या वेलिंग्टन शाखेतून. टोनी ब्लेकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनगणना आणि मृत्यूनोंदी जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यात ब्रिजेट रॉब्सन यांच्यासारख्या माओरी संशोधकही होत्या. कल्पना साधी. १९८१, १९८६, १९९१ आणि १९९६ अशा चार जनगणना घ्यायच्या. प्रत्येक जनगणनेनंतरच्या तीन वर्षांत जे मेले, त्यांचा मृत्यूचा कागद त्यांच्याच जनगणनेच्या कागदाशी जुळवायचा. मग एकाच माणसाची दोन उत्तरं शेजारी-शेजारी येतात: जिवंतपणी त्याने स्वतःबद्दल काय सांगितलं आणि मेल्यावर दुसऱ्याने त्याच्याबद्दल काय लिहिलं.

करायला मात्र हे जिकिरीचं. जोडणीसाठी नावं नव्हती. हाती होतं ते जन्मतारीख, लिंग, जन्मदेश आणि राहण्याचा ‘मेशब्लॉक’, म्हणजे जनगणनेचा सर्वांत लहान तुकडा, शंभरेक लोकांची आळी म्हणा. १९४३मध्ये अमुक तारखेला जन्मलेली आणि तमुक आळीत राहणारी बाई सहसा एकच असते. या भरवशावर संभाव्यतेच्या गणिताने जोड्या लावल्या गेल्या. सगळं काम सांख्यिकी विभागाच्या कुलपाआड झालं, कोण माणूस ते संशोधकांना कळणार नाही अशा बेताने. ७५ वर्षांखालच्या दर चार मृत्यूंपैकी साधारण तीन जुळले.

न जुळलेल्या चौथ्यात कोण होते? घर बदलत राहणारे, तरुण, आणि प्रमाणापेक्षा जास्त माओरी. म्हणजे दुरुस्तीच्या कामातही तीच माणसं निसटत होती. संशोधकांनी हे आधीच हेरून जुळलेल्या नोंदींना वजनं दिली, जेणेकरून निसटलेल्यांचीही भरपाई व्हावी. हा भाग अहवालांच्या परिशिष्टात असतो आणि फारसा कुणी वाचत नाही. माझ्या मते अख्ख्या प्रकल्पाचा प्रामाणिकपणा तिथेच कळतो.

निष्कर्ष असा आला: १९८०चं दशक आणि १९९०च्या दशकाचा आरंभ या काळात माओरींचा खरा मृत्यूंचा आकडा मिळवायला नोंदवलेला आकडा साधारण पाव ते एक तृतीयांशाने वाढवावा लागतो. समोआ, टोंगा वगैरे पॅसिफिक बेटांवरून आलेल्या लोकांच्या बाबतीत तर त्याहूनही जास्त. १९९५चा प्रश्न बदलल्यावर ही तफावत जवळपास मिटली. प्रश्न सुधारला आणि आकडा सुधारला. मधे कुणाचं मनपरिवर्तन व्हावं लागलं नाही.

वीस वर्षं पुन्हा लिहिली गेली

२००३मध्ये आरोग्य मंत्रालय आणि ओटागो विद्यापीठाने दुरुस्त आकड्यांवर आधारलेला अहवाल काढला, १९८० ते १९९९ या काळाचा. कच्च्या आकड्यांवरून माओरींची स्थिती हळूहळू इतरांच्या जवळ येत असल्याचा समज करून घेता येत होता. दुरुस्तीनंतर चित्र उलटं झालं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माओरी पुरुषाचं आयुर्मान सुमारे ६५ वर्षं होतं. नव्वदच्या अखेरीस सुमारे ६६. माओरी आणि पॅसिफिक सोडून इतर पुरुषांचं त्याच काळात सुमारे ७१वरून ७६वर गेलं. माओरी स्त्रिया सुमारे ६९वरून ७१वर पोचल्या, इतर स्त्रिया ७७वरून ८१वर. वीस वर्षांत देशाने औषधोपचारात, शस्त्रक्रियेत, धूम्रपानविरोधात जे कमावलं, त्यातलं माओरींच्या पदरात फार थोडं पडलं.

हा काळ कोणता होता ते लक्षात घ्यायला हवं. १९८४मध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं आणि अर्थमंत्री रॉजर डग्लस यांनी अर्थव्यवस्था झपाट्याने खुली केली. रेल्वे, टपाल, वनखातं, मांस प्रक्रियेचे कारखाने, जिथे माओरी मोठ्या संख्येने कामाला होते, तिथल्याच नोकऱ्या गेल्या. हॉक्स बे भागातला वाकातूचा मांस कारखाना १९८६मध्ये बंद पडला. १९९२च्या सुमारास दर चार माओरी कामगारांत एक बेकार होता. या धोरणांनीच माणसं मेली, असं या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय. पण एवढं नक्की की ज्या काळात एखाद्या समाजाची नाडी रोज तपासायला हवी होती, नेमक्या त्याच काळात नाडीवरचं बोट चुकीच्या जागी होतं. त्या वेळच्या मंत्र्यांना कुणी तक्ता दाखवलाही असता, तरी तो त्यांना निवांत झोप लागेल असाच निघाला असता.

मोजणं झालं, पण पुरेसं दिसतंय का?

व्याख्या जुळल्या म्हणजे सगळं झालं असं नाही, हे तिथल्या माओरी संशोधकांनी २००२मध्येच बजावलं. त्यांचं म्हणणं नमुन्याबद्दल होतं. हजार जणांची पाहणी लोकसंख्येच्या प्रमाणात केली, तर त्यात दीडशे माओरी येतील आणि साडेआठशे इतर. वरकरणी अगदी न्याय्य. आता मधुमेहाचं प्रमाण दोन्हीकडे दहा टक्के निघालं असं धरा. इतरांसाठी तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता की खरा आकडा ८ ते १२च्या दरम्यान आहे. माओरींसाठी तो ५ ते १५च्या दरम्यान कुठेही असू शकतो. पंचेचाळिशीपुढच्या माओरी बायकांबद्दल विचारलं, तर हाताशी वीसेक जणीच उरतात आणि तक्त्यात तारांकित टीप येते: ‘नमुना अपुरा’. म्हणजे पाहणी एक, खर्च एक, पण उत्तरं मिळतात ती एकालाच.

त्यांची मागणी होती की राष्ट्रीय पाहण्यांत माओरींचा नमुना इतरांइतकाच मोठा घ्या, म्हणजे दोघांबद्दल सारख्याच खात्रीने बोलता येईल. करदात्यांच्या पैशातून बनणाऱ्या ज्ञानात सारखा वाटा, असा तो दावा होता आणि त्याला वैतांगीच्या कराराचा आधार होता. २००२-०३च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत सुमारे तेरा हजार प्रौढांपैकी चार हजारांहून अधिक माओरी होते. हृदयविकारावरच्या ‘हौओरा मनावा’ या अभ्यासात वैरोआ या ग्रामीण भागातले माओरी, क्राइस्टचर्च शहरातले माओरी आणि त्याच शहरातले इतर, असे जवळपास सारख्या आकाराचे तीन गट घेतले गेले. गावचा माओरी आणि शहरचा माओरी एक नव्हे, हेही त्यामुळे तपासता आलं.

यावर नेहमीचा आक्षेप म्हणजे मुद्दाम जास्त माओरी घेतल्याने देशाची सरासरी बिघडेल. बिघडत नाही; सरासरी काढताना वजन देऊन प्रमाण पूर्ववत करता येतं, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी जाणतो. खरा आक्षेप पैशाचा असतो. तो तसा मांडला तर निदान चर्चा होऊ शकते.

मग छेद सुटला

पुढच्या खेपेला बिघाड दुसऱ्या बाजूने झाला. २०१८ची जनगणना मुख्यतः ऑनलाइन घेण्यात आली. माओरींचा प्रतिसाद ६८ टक्क्यांवर घसरला. मोकळ्या जागा सरकारी नोंदींतून भरून काढल्या गेल्या, पण कोणत्या इवीचे, म्हणजे कोणत्या जमातीचे किती लोक, याचे अधिकृत आकडे देताच आले नाहीत. मुख्य संख्याशास्त्रज्ञांनी राजीनामा दिला.

२०२१मध्ये कोविडच्या लसीकरणाची टक्केवारी काढायला छेद म्हणून वापरले गेले ते आरोग्यसेवा घेतलेले लोक. जो दवाखान्याची पायरी चढला, तो मोजला. जो चढलाच नाही, तो लोकसंख्येतच नाही. आरोग्यसेवेपासून सर्वांत लांब राहिलेल्यांत माओरी जास्त, त्यामुळे त्यांचा छेद आकसला आणि लसीकरणाची टक्केवारी प्रत्यक्षापेक्षा बरी दिसली. टाळेबंदी उठवायचे निर्णय नव्वद टक्क्यांच्या उद्दिष्टाभोवती फिरत असताना हा फरक किरकोळ नव्हता. सुदैवाने १९९५च्या अनुभवाने शहाणे झालेले लोक या वेळी जागेवर होते आणि आरडाओरडा काही वर्षांनी नव्हे, त्याच वर्षी झाला. माओरी विदेवर, म्हणजे त्यांच्याविषयी गोळा होणाऱ्या माहितीवर, माओरींचाच अधिकार असावा म्हणून २०१५पासून काम करणारं ‘ते माना राराउंगा’ हे जाळंही तोवर उभं राहिलं होतं. २०२५मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलं की २०२३ची घरोघरची जनगणना शेवटची; २०३०पासून सरकारी नोंदींवर आणि लहान पाहण्यांवर भागवायचं. म्हणजे २०२१मध्ये जी अडचण लसीकरणापुरती होती, ती आता सगळ्याच दरांच्या छेदात येऊन बसू शकते.

आपल्याकडे

महाराष्ट्रात हे प्रकरण वाचताना पहिला प्रश्न मनात येतो तो असा की आपला मृत्यूचा अर्ज काय विचारतो? धर्म विचारतो, व्यवसाय विचारतो, तंबाखू-दारूची सवय विचारतो. अनुसूचित जमाती विचारत नाही. रायगडमधलं कातकरी कुटुंब वीटभट्टीवर गेलेलं असताना घरातला माणूस गेला, तर धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहिलं जातं आणि प्रकरण संपतं. न्यूझीलंडमध्ये प्रश्न चुकीचा होता, आपल्याकडे तो नाहीच. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात एक कोटी पाच लाख आदिवासी होते, लोकसंख्येच्या ९.३५ टक्के. त्यांच्यातल्या एकेका जमातीची लोकसंख्या जनगणना वेगळी छापते. छेद आहे, अंश नाही.

त्यामुळे आपली भिस्त राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवर. तिथे आईलाच विचारतात की मुलं किती झाली आणि किती गेली. अंश आणि छेद एकाच तोंडून येतात, म्हणून माओरींसारखी चूक इथे होत नाही. २०१५-१६च्या फेरीत देशभरातल्या अनुसूचित जमातींमधला अर्भकमृत्युदर हजारी ४४.४ आणि पाच वर्षांखालचा ५७.२ निघाला. पण हे आकडे सातशेहून अधिक जमातींची गोळाबेरीज आहेत. भिल्ल, गोंड, महादेव कोळी, वारली, कोकणा या मोठ्या जमाती त्यात उठून दिसतील अशी आशा करता येते. कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड यांचं वेगळं उत्तर त्या नमुन्यातून निघत नाही. आणि विशेष असुरक्षित म्हणून सरकारने ज्यांची वेगळी यादी केली आहे, त्या महाराष्ट्रातल्या तीन जमाती नेमक्या याच. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०१८च्या अहवालात आदिवासी आरोग्याबद्दलच्या माहितीची ही उणीव ठळकपणे नोंदवली.

‘मेल्यावरही जात विचारायची का?’ हा आक्षेप इथे येणारच, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ज्या देशात स्मशानंही वेगळी असतात, तिथे मृत्यूच्या अर्जावर असा रकाना वाढवला तर त्याचा उपयोग कोण कसा करेल, हा धाक खरा आहे. म्हणून मला ब्लेकलींची वाट जास्त पटते: दारात बसून नवा प्रश्न विचारण्याऐवजी असलेल्या नोंदी कुलपाआड जोडायच्या आणि बाहेर फक्त बेरजा आणायच्या. २०२७च्या जनगणनेत जातींचीही मोजणी होणार आहे, जमातींची तर होतेच. त्या नोंदींपैकी काही जिल्ह्यांच्या, गडचिरोली, नंदुरबार, पालघर, रायगड इथल्या, पुढच्या तीन वर्षांतल्या मृत्यूनोंदींशी जोडून पाहायला नवी पाहणी काढावी लागणार नाही. अडचण दोन जागी येईल. जनगणना कायद्यातली गोपनीयतेची तरतूद कडक आहे, तेव्हा हे काम महानिबंधकांच्याच कचेरीत व्हावं लागेल. जनगणना आणि जन्म-मृत्यू नोंदणी दोन्ही त्यांच्याच अखत्यारीत येतात, हे त्यातल्या त्यात बरं. दुसरी अडचण मोठी आहे: धडगाव किंवा भामरागडच्या पाड्यावरचा मृत्यू, त्यातही चार दिवसांच्या बाळाचा, मुळात नोंदला जातो का?